अर्ध्या कोयत्यांची फौज

आज सकाळी टपरीवर चहावाल्यापासून सगळे मला विचारायले, "काय, तुमचं शिंगवालं वाचलं का मग?" ही करणी बप्पांची.

बप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, धारूरकडचे, जन्मभर ऊसतोडीचे मुकादम. गुडघ्याचा फोटो काढायला बीडला आले. फोटो निघून जमाना झाला, बप्पा निघेनात. माझी खोली त्यांना मिळाली आणि माझा कॉम्प्युटर त्याच खोलीत.

मी 'बॅनर सागा ३' हा कॉम्प्युटर गेम संपवायला बसलो होतो. पहिला भाग २०१४चा, दुसरा २०१६चा, हा शेवटचा २०१८चा. पहिल्या भागात घेतलेला निर्णय इथंपर्यंत बोकांडी बसून येतो, आणि मेलेला माणूस परत येत नाही. अशा वेळी माणसाला एकांत लागतो. बप्पा अडकित्ता घेऊन कॉटवर बसले.

"हे कुठं निघाले रं?"

"सूर्य थांबलाय बप्पा. जग बुडायलंय."

"वैशाखात थांबतोच. टोळी किती कोयत्यांची?"

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी सांगितलं, हे शिंगवाले वार्ल, यांच्यात बायकाच नसतात. एका देवानं घडवले, तो देव मेला, आता नवा वार्ल जन्मत नाही. बप्पांचा अडकित्ता थांबला.

"म्हंजे सगळे अर्धे कोयतेच की! मोळ्या कोण बांधतंय मग? अन् असल्यांना उचल दिली कुणी?" उचल म्हणजे कामाच्या आधीच हातात पडलेले पैसे.

विषय बदलावा म्हणून मी गेम बनवणाऱ्यांचं सांगितलं. ऑस्टिनच्या तिघांनी मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्या सोडल्या, २०१२ साली गेम तयार व्हायच्या आधीच लोकांकडून सात लाखांवर डॉलर गोळा केले.

"ही उचलच झाली."

"तसंच."

"अन् पळाले न्हाईत?"

"नाही. तिन्ही भाग पूर्ण केले."

बप्पा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. उचल घेऊन कर्नाटकात पसार झालेल्या एकेका गड्याचं नाव, गाव, रक्कम त्यांना तोंडपाठ आहे. ती सगळी यादी मला ऐकावी लागली. तोवर माझ्या वार्लला दोन घाव बसले. या गेममध्ये ताकद आणि जीव एकच आकडा. घाव बसला की तो पुढं मारतोही तेवढाच कमी. बप्पांना हे लगेच पटलं. "तापात गडी किती तोडील? खाडा मांड त्याचा." माझा जीव वरखाली होत होता आणि हे खाडा मांडायले. डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते गर्मीनं. गल्लीत सांगायची गरज नव्हती.

शत्रूची एक लाट संपली. पळायचं की पुढच्या लाटेशी लढायचं, असं गेमनं विचारलं. बप्पा म्हणाले, पळ. मी लढलो. दुसरी लाट संपत आली होती, एकच शत्रू उरला होता, आणि लाईट गेली.

लढाईच्या मधे सेव्ह करता येत नाही. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर पंखा आणि आईची मालिका. कॉम्प्युटरनं बॅटरी बसते, हा वडिलांचा शोध. वायरमनला फोन लावला तर तो मलाच विचारतो, "तुमच्याकडंच गेली का सगळीकडं?" मला काय माहीत बाबा? मी काय खांबावर बसलोय? बिल मात्र महिन्याच्या महिन्याला बिनचूक येतं, तेव्हा कुणाला काही विचारावं लागत नाही. पाण्याचं तसंच, रस्त्याचं तसंच. आम्ही तक्रार केली की वर आम्हालाच ऐकवतात, पूर्वी तर दिवसदिवस जायची, आता बरंय की!

"आता रं?" अंधारातून आवाज आला.

"ती लढाई पहिल्यापासून."

"रोजगार काय देतेत?"

"रिनाउन. म्हणजे नाव होतं."

"नावावर किराणा देतंय का कुणी?"

"देतात," मी म्हणालो. खोटं नाही; पहिल्या दोन भागांत तेच मोजून ताफ्याची रसद घेता येते.

बप्पांनी उशी ओढली. "मग उद्याचं दूध त्याच्यावरच आण."