बालीचा दाखला देताना

महाराष्ट्रात गाव, यात्रा आणि धर्म यांवर वाद पेटला की कुणीतरी बालीचा दाखला देतेच. मुस्लिमबहुल इंडोनेशियातले, जवळपास 87 टक्के हिंदू वस्तीचे हे बेट आपला धर्म आणि गावकारभार दोन्ही राखून आहे, मग आमच्या गावांनीच स्वतःचे नियम का करू नयेत, असा तो युक्तिवाद असतो. 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना मज्जाव करणारा ठराव केला, तेव्हाही हा युक्तिवाद माझ्या कानी आला. बालीत राहणाऱ्या मला तो पटत नाही.

येथे दाखले आणि सरकारी योजना पाहणारे प्रशासकीय गाव वेगळे आणि मंदिरे, स्मशान, रूढी सांभाळणारे परंपरागत गाव, म्हणजे देसा आदात, वेगळे. इंडोनेशियाच्या 1979 च्या ग्रामकायद्याने देशभर एकच साचा लादला, तरी देसा आदात टिकले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो सत्तेवरून गेल्यानंतर 2001 आणि 2019 च्या प्रांतिक नियमांनी त्याचे बळ वाढवले. त्याच्या पोटात बंजार, म्हणजे वस्तीवस्तीची रहिवासी मंडळे असतात. कुलकुल हा लाकडी ठोकळा ठराविक ठेक्यात वाजला की माणसे हातातले काम टाकून येतात, सभामंडपात जमिनीवर बसतात, हजेरी होते आणि विनाकारण न येणाऱ्याला दंड बसतो. लग्न झाले की बंजारची जबाबदारी अंगावर येते. कुणाच्या घरी मयत झाली तर शेजारपाजार राबायला हजर असतो. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या आपल्या ग्रामसभा आठवल्या की याचा मला मनापासून हेवा वाटतो.

परंतु हे बळ कर्तव्यातून येते, आणि दाखला देणारे मात्र ते धर्मातून येते असे धरून चालतात. धर्मावरून ठरते ते सदस्यत्व: 2019 च्या नियमानुसार देसा आदातचा पूर्ण सदस्य तोच, जो तेथे नोंदलेला बाली हिंदू आहे. दुसऱ्या गावचा बाली हिंदू खालच्या पायरीवर, आणि उरलेले सगळे ‘तामिउ’, म्हणजे पाहुणे. मी हिंदू आहे, घरी गणपती बसवतो, तरी मी तामिउच. पेगायामान गावातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या बालीत आहेत, मुलांची नावे वायान, न्योमान, केतुत अशी बालीच ठेवतात, पण देसा आदातची व्याख्या त्यांना सामावून घेत नाही. ओळखीची रेघ एकदा आखली की ती आपल्याला हवी तिथेच थांबते, असे नाही.

ती आतल्या माणसावरही उलटते. गावचे नियम मोडणाऱ्याला येथे ‘कासेपेकांग’ करतात, म्हणजे वाळीत टाकतात. त्याच्याशी बोलणे बंद होते आणि प्रसंगी मृतदेहाला गावचे स्मशानही नाकारले जाते. जातपंचायतींचे असेच अत्याचार पाहून महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. त्या कायद्यासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांचे राज्य आपले आहे, हे विसरून चालणार नाही.

राबण्याची शिस्त शिकायला बालीपर्यंत यायचीही गरज नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने सर्वसहमतीने निर्णय घेत 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आपल्या ग्रामसभेत मतदारयादीतला प्रत्येक जण, धर्म वा जात न विचारता, सदस्य असतो. बालीतल्या तामिउला देसा आदातमध्ये जे मिळत नाही, ते मढीतल्या मुस्लिम मतदाराला आज कायद्याने मिळालेले आहे.