भाड्याची फोर्कलिफ्ट आणि मालकाची तपासणी

वाळूज एमआयडीसीत देखभाल विभागात काम करताना एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे: "गाडी कॉन्ट्रॅक्टरची आहे, तपासणीचं त्याने बघावं." गाडी म्हणजे फोर्कलिफ्ट; जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये गेलात, तर हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका भाड्याच्या तीन टनी फोर्कलिफ्टचे काटे मी चिंधीने पुसत होतो. काटा जिथे काटकोनात वळतो त्या टाचेवरचा ग्रीस-धुळीचा थर निघाला आणि खाली केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा की तडा, हे कळावे म्हणून लाल पेनिट्रंट, म्हणजे तड्यात झिरपणारा रंग, मारले, थोडा वेळ थांबून पुसले, वर पांढरा डेव्हलपर फवारला. काही मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. चेकलिस्टवर मात्र महिनाभराच्या सगळ्या टिका एकाच पेनाने, बहुधा एकाच बैठकीत मारलेल्या होत्या. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, खराब लिहिलं तर गाडी उभी राहते, अन् माझा खाडा पडतो." त्याला दोष देणे मला जमले नाही.

सकाळी हॉर्न, ब्रेक, तेलगळती पाहणे हे ऑपरेटरचे काम आहेच. पण मास्टची, म्हणजे काटे वर-खाली नेणाऱ्या उभ्या सांगाड्याची, चेन 3 टक्क्यांनी ताणली गेली की बदलायची असते, आणि टाचेची जाडी 10 टक्के झिजली की काटा बाद करायचा असतो, कारण तेवढ्यानेच त्याची क्षमता सुमारे 20 टक्के घटते. हे गेज लावून मोजावे लागते, त्यासाठी गाडी थांबवावी लागते, आणि डिस्पॅचच्या घाईत गाडी थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला कोणीच दिलेला नसतो.

कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी आणि तिची नोंदवही, अशी रीत घालून दिली. त्यातील व्याख्येत क्रेन, विंच, कप्पी होत्या, फोर्कलिफ्टचे नाव नव्हते, आणि हुशार मंडळी नेमके तिथेच बोट ठेवत. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने आलेले कलम 7अ मात्र त्यांना आठवत नसे. कारखान्यातील यंत्रसामग्री सुरक्षित राखण्याचे कर्तव्य ते थेट भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्यावर, टाकत होते. 2025 मध्ये या अधिनियमाची जागा घेतलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेतही कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचा भार कलम 6 नुसार कारखान्याच्या मालकावरच आहे. तरीही आमच्याकडच्या पर्चेस ऑर्डरमध्ये डिझेल कोणाचे, जादा तासांचा दर काय, हे ओळीओळीने लिहिलेले असते. तपासणीच्या प्रमाणपत्राविषयी एक अक्षर नसते.

त्या दिवशी मी किल्ली काढून घेतली आणि स्टिअरिंगला लाल टॅग बांधला. वरून तीन फोन आले, त्यांतल्या एकानेही तडा किती लांब आहे हे विचारले नाही. चार दिवस गाडी स्टोअरच्या भिंतीला उभी होती. पाचव्या दिवशी नवे काटे आले. प्रमाणपत्र मी अजून मागतोच आहे.