"निकाल लागेपर्यंत पोटगी मिळत नाही" हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय की घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत एक रुपया मिळत नाही, पोटगी म्हणजे नवऱ्याच्या पगाराचे २५ टक्के फिक्स, बायको कमावती असेल तर तिला आणि मुलांना काहीच नाही, नवऱ्याने नोकरी सोडली की विषय संपला, आणि वकील परवडत नसेल तर सही करून मोकळं व्हा. माझ्या मावसबहिणीने असंच कुणाकुणाचं ऐकून दीड वर्ष अर्जच केला नाही म्हणून एकेक मुद्दा घेतेय.

"निकाल लागेपर्यंत काही नाही" हे साफ चूक आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान ह्यानेच होतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आहेच मुळी केस चालू असतानाच्या काळासाठी, त्यात महिन्याचा खर्च मागता येतो आणि केसचा खर्चसुद्धा. धर्म कुठलाही असो, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं (CrPC) कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यातही अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाची, पोटगी आहे. दोन्हीकडे लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत ह्या अर्जावर निर्णय व्हावा. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो हे खरंय, पण सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा ह्या केसमधे सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे कोर्टाला उशीर झाला तरी मधले महिने बुडत नाहीत, पण तुम्हीच अर्ज केला नाहीत तर तेवढे महिने गेले. बहिणीचे दीड वर्ष असेच गेले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

२५ टक्क्यांचं मूळ २०१७ च्या एका निकालात आहे, तिथे सुप्रीम कोर्टाने निव्वळ पगाराचे २५ टक्के योग्य ठरतील असं म्हटलं होतं. लोकांनी तेवढंच उचललं. कायद्यात टक्केवारी कुठेच नाहीये, कोर्ट दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलांचा खर्च, डोक्यावरचं कर्ज हे सगळं बघतं, त्यासाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं (हे पण २०२० च्याच निकालातलं). आम्ही ते भरायला बसलो तेव्हा बहीण म्हणाली, "अगं ताई, मी पावत्याच ठेवल्या नाहीत." मग शाळेतून फीच्या पावत्यांची कॉपी आणली, व्हॅनवाल्या काकांकडून एका कागदावर लिहून घेतलं, मुलाच्या चष्म्याचं बिल कपाटात सापडलं, बाकी बँक स्टेटमेंटवर हायलाइटरने खुणा केल्या. नवऱ्याकडचे वकील एकेक आकडा विचारतात तेव्हा हेच कागद कामाला येतात.

कमावतीला पोटगी नाही? स्वतःच्या कमाईत नीट भागत नसेल तर मिळू शकते, कोर्टांनी हे कितीदा सांगितलंय. आणि मुलांचा हक्क वेगळाच आहे, आईच्या पगारामुळे बाप सुटत नाही, फारतर दोघांच्या कमाईप्रमाणे वाटणी होते. आपसात घटस्फोट घेताना आईने "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही. आणि हो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ (निकालानंतरची कायमची पोटगी) खाली नवराही मागू शकतो, हा एकतर्फी कायदा नाही.

नोकरी सोडल्याचं कारण तर कोर्टात रोजच ऐकू येतं. हातीपायी धड माणसाने कमवून बायकामुलांना सांभाळलं पाहिजे, गरज पडली तर अंगमेहनत करून, असं सुप्रीम कोर्ट २०२२ मधेही म्हणालंय.

वकिलाच्या मुद्द्यावर मला खरंच राग येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टात ह्या प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. हे माहीत नाही म्हणून कितीजणी नको त्या कागदावर सही करून बसतात.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज करा, मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि आत जाऊन आला म्हणून बाकी माफ होत नाही. बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या १० तारखेला चौकोन केलाय, पैसे आले की त्यात बरोबरची खूण करते. सध्या दोन चौकोन रिकामे आहेत, सोमवारी अर्ज टाकतोय.