तीसच्या रस्त्यावर चौतीस ‘चालतं’?

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडे हा मेसेज हमखास पोहोचतो: ‘इथे वेगमर्यादेवर दहा टक्के अधिक दोन मैल एवढी कायदेशीर सूट असते. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३४ ने गेलात तर गुन्हा होत नाही. पकडलंच तर वेगाबद्दलचा एक जागृती कोर्स करायचा, विषय संपला. आणि १४ दिवसांत पोलिसांचं पत्र आलं नाही तर सुटलात.’

आधी ती सूट. त्यातलं ‘कायदेशीर’ तेवढं खोटं आहे. १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन अ‍ॅक्टच्या कलम ८९ प्रमाणे मर्यादा ओलांडली की गुन्हा, मग ती एका मैलाने का असेना. दहा टक्के अधिक दोन हा हिशेब पोलीसप्रमुखांच्या परिषदेने पोलिसांना दिलेल्या सूचनांमधला: कारवाई साधारण ३० वर ३५ ला, ४० वर ४६ ला, ७० वर ७९ ला सुरू करा. त्याआधी कारवाई करायची की नाही, हा अधिकार पोलिसांकडेच राहतो. ३१-३२ ला सहसा पत्र येत नाही, हे मान्य. पण पत्र न येणं वेगळं आणि गुन्हा न होणं वेगळं.

‘माझा काटा कायम ३५ वर असतो, कधी काही झालं नाही.’ होणार नाहीच! नियमाप्रमाणे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. थोडा जास्त दाखवला तर चालतो. म्हणजे काट्यावर ३५ असताना गाडी बहुधा ३२-३३ लाच असते. उद्या मोबाइलवरचा जीपीएसचा वेग बघून ३५ गाठाल, तेव्हा कळेल.

पाच मैलांनी काय बिघडतं, असंही विचारतात. हायवे कोड या इथल्या सरकारी वाहतूक नियमपुस्तिकेप्रमाणे ३० मैलांच्या वेगातली गाडी २३ मीटरमध्ये थांबते. त्याच ब्रेकचा हिशेब ३५ ला लावून बघा. तिसाची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे ही अजून ताशी २० मैलांनी पुढे जात असते. त्या जागी झेब्रा क्रॉसिंग असेल तर?

आता कोर्स. तो हक्काचा नाही, पोलिसांनी देऊ केला तरच. ३० च्या रस्त्यावर साधारण ४२ पर्यंतच देतात आणि तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही. नाही मिळाला तर किमान १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ दंडाचे पॉइंट. आपल्या लोकांचा घोळ इथे होतो. इथे राहायला आल्यावर भारतीय लायसन्स १२ महिने चालतं, मग इथली टेस्ट द्यावी लागते. पुण्यात पंधरा वर्षं गाडी हाकलेली असली तरी ती टेस्ट पास झाल्यावर दोन वर्षं तुम्ही कायद्याने नवशिके. त्या काळात ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा.

राहिले १४ दिवस. ही मुदत गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्यासाठी. गाडी लीजची किंवा कंपनीची असेल तर पहिलं पत्र त्यांच्याकडे जातं आणि तुमच्याकडे महिन्याभराने आलं तरी ते ग्राह्यच. ते कचऱ्यात टाकून ‘चालक कोण’ हे कळवलं नाहीत, तर त्या एकट्या गुन्ह्याचे ६ पॉइंट.