‘नियमाने जिंकवले’ या प्रतिक्रियेला उत्तर

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०२४ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या हंगामावरील माझ्या लेखाला अ‍ॅन आर्बर या मिशिगन विद्यापीठाच्या गावातील एका वाचकांनी दिलेली प्रतिक्रिया अशी आहे : “काका, भक्तांना पराभव दिसत नाही हे समजू शकतो, पण स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा मार खाल्लेला संघ वर्षातला सर्वोत्तम कसा? जुना नियम असता तर ही मंडळी डिसेंबरात घरी बसली असती. हा संघ जिंकला नाही, त्याला नियमाने जिंकवले. दोन कोटी डॉलरच्या संघाबद्दल आणि सॉयरच्या ८५ यार्डांच्या धावेबद्दल (८३ होती, तपासा) न बोललेलेच बरे.”

चूक माझी आहे, म्हणून आधी तीच मान्य करतो. टेक्सासविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आमच्या जॅक सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) क्विन युअर्सच्या हातून चेंडू उडवला आणि तोच उचलून तो धावत सुटला, ते अंतर ८३ यार्डांचे होते, ८५ चे नव्हते. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार. ‘तपासा’च्या आधी एखादे ‘कृपया’ चालले असते. त्याला पैसे पडत नाहीत.

आता ‘भक्त’ या शब्दाविषयी. मी २००२ च्या सप्टेंबरात अमरावतीहून कोलंबसला शिकायला आलो, तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढेच मला ठाऊक होते. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेच्या बंद खिडकीतून जो गजर ऐकू येई, तो एक लाख माणसांचा असतो हे सहकाऱ्याने सांगितले तेव्हा मला ती थाप वाटली होती. त्याच हंगामाच्या शेवटी, ३ जानेवारी २००३ च्या रात्री, वसतिगृहाच्या दिवाणखान्यात मी मायामीविरुद्धचा अंतिम सामना पाहिला. मायामी जिंकली असे समजून आतषबाजीही सुरू झाली होती, आणि मग पंचांचा तो उशिरा पडलेला, नियमभंग दाखवणारा पिवळा रुमाल दिसला. सामना पुढे चालून दुसऱ्या जादा डावात ३१-२४ असा आमच्या बाजूने सुटला. आपण त्या वेळी कोणत्या इयत्तेत होता याचा अंदाज बांधण्याचा उद्धटपणा मी करणार नाही, परंतु ‘काका’ म्हणून सुरुवात करणाऱ्याने काकाची बावीस वर्षे दोन अक्षरांत गुंडाळू नयेत एवढी अपेक्षा गैर नसावी.

पराभव दिसत नाही म्हणता? ४२-२७, ४५-२३, ३०-२४, १३-१०. मिशिगनने २०२१ पासून ओळीने चार वर्षे आम्हाला हरवले त्याचे हे आकडे आहेत आणि ते लिहिताना मला काहीही उघडून पाहावे लागलेले नाही. २०२२ च्या हंगामाअखेर जॉर्जियाविरुद्ध ४२-४१ असे मागे असताना आमचा शेवटचा फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारायचा, तीन गुणांचा चेंडू) खांबांच्या बाहेर गेला, त्याच क्षणी घड्याळात नवे वर्ष लागले. बारा वाजणे म्हणजे काय हे मला त्या रात्री मराठीत नीट कळले. ३० नोव्हेंबर २०२४ ला मी मुलीला घेऊन मैदानातच बसलो होतो. पंचेचाळीस सेकंद उरलेले असताना मिशिगनचा फील्ड गोल खांबांमधून गेला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो उठलाच नाही. त्या रात्री प्रशिक्षक रायन डे यांना काढा म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे मी मूळ लेखात लिहिले आहे. भक्त असे लिहीत नाहीत. मुळात आपण लेख शेवटपर्यंत वाचला का, अशी शंका येते.

आता ‘नियमाने जिंकवले’ या वाक्याकडे वळतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. ‘जिंकवणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे. ज्याला जिंकवले त्याने स्वतः काही केले नाही, दुसऱ्याने त्याच्याकडून करवून घेतले, असा त्याचा अर्थ होतो. चार संघांच्या जुन्या पद्धतीत विजेतेपदासाठी दोन सामने जिंकावे लागत. बारा संघांच्या नव्या पद्धतीत पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत विश्रांती मिळाली, आणि ती परिषदांच्या (विद्यापीठांच्या स्पर्धा-गटांच्या) विजेत्यांसाठीच राखीव होती. निवड समितीच्या यादीत ओहायो स्टेट सहावा होता, परंतु मानांकन आठवे मिळाले, विश्रांती मिळाली नाही, आणि चार सामने खेळावे लागले. दोनऐवजी चार सामने खेळायला लावणारा नियम ज्याला कृपा वाटतो, त्याने कृपेची व्याख्या एकदा सांगावी.

त्या चार सामन्यांत समोर कोण होते तेही पाहा. टेनेसीला ४२-१७ असे हरवले. त्यानंतर पॅसडीनाला पहिल्या मानांकनाचा, तोवर एकही सामना न हरलेला ऑरेगन समोर आला. याच ऑरेगनने ऑक्टोबरात यूजीनला आम्हाला ३२-३१ असे एका गुणाने हरवले होते. आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला, घसरत खाली बसला आणि घड्याळ संपले. १ जानेवारीला त्याच संघाविरुद्ध दुसऱ्या सत्रात गुणफलक आमच्या बाजूने ३४-० असा होता. आमच्या जेरेमाया स्मिथ या पहिल्या वर्षाच्या मुलाने त्या दिवशी १८७ यार्ड मिळवले. नियमाने त्याच्या हातात चेंडू आणून ठेवला नव्हता; मिशिगनविरुद्ध मधल्या भिंतीवर डोके आपटत राहिलेल्या संघाने लांब पास टाकायचे ठरवले, म्हणून तो त्याच्या हातात गेला. टेक्सासविरुद्ध २१-१४ अशी आघाडी असताना प्रतिस्पर्धी आमच्या गोलरेषेपासून एका यार्डावर उभे होते. तिथून त्यांना मागे रेटून चौथ्या डाउनवर (चार प्रयत्नांपैकी शेवटच्या प्रयत्नात) चेंडू हिसकावला आणि सामना २८-१४ असा जिंकला. २० जानेवारीला अटलांटात नोटर डेमने पहिल्याच चढाईत जवळजवळ दहा मिनिटे चेंडू स्वतःकडे ठेवला; पुढे त्यांनी ३१-७ वरून आठ गुणांपर्यंत अंतर कमी केले, तेव्हा तिसऱ्या डाउनला अकरा यार्ड हवे असताना हॉवर्डने स्मिथकडे ५६ यार्डांचा पास टाकला. धावत जाऊन वेळ काढण्याचा सुरक्षित मार्ग त्या क्षणी उपलब्ध होता. तो न घेणे हा माणसांचा निर्णय होता, नियमाचा नव्हे. सामना ३४-२३ असा संपला.

जुन्या नियमात आम्ही पहिल्या चारांत नसतो, हे खरे आहे. नोटर डेमही नसते. चार संघांची पद्धत २०१४ मध्ये प्रथम आली, तेव्हाही चौथ्या क्रमांकावरून शिरून, तिसऱ्या फळीतल्या क्वार्टरबॅकच्या जोरावर, ओहायो स्टेटच जिंकला होता. हे उदाहरण माझ्याच विरोधात जाते असे कोणी म्हणेल, तर म्हणो. खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर झालेल्या नियमांनी सगळेच खेळतात. नियमांच्या पावित्र्याचा उपदेश मात्र मी मिशिगनच्या चाहत्यांकडून घेणार नाही, कारण २०२३ च्या त्यांच्या विजेत्या हंगामात प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना दोन वेळा तीन-तीन सामने मैदानाबाहेर का काढावे लागले, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. हा विषय काढायचा नाही असे मी ठरवले होते.

मिशिगनकडून हरल्यानंतरही सर्वोत्तम कसे, हा प्रश्न उरतो. त्याविषयी लेखात लिहिले आहे. पुन्हा लिहीत नाही.

खेळाडूंवरच्या खर्चाचा दोन कोटी डॉलरचा आकडा तर आमच्या क्रीडा संचालकांनीच उघडपणे सांगितला होता, त्यात काही गुपित नव्हते. २०२४ च्याच नोव्हेंबरात लुइझियाना स्टेटला शब्द दिलेला एक क्वार्टरबॅक आपल्या विद्यापीठाने आपल्याकडे वळवला, तो चणे-फुटाणे दाखवून वळवला असावा.

आपली प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. पुढे सामना आपल्या गावी असेल तेव्हा तिकीट मिळाले तर मी मुलीला घेऊन येणार आहे. चहाला बोलावलेत तर जरूर येईन. आपण मला नावाने हाक मारावी, एवढीच अट आहे.