‘बँक तुमचं घर घेऊच शकत नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

मंगळवारी रात्री साडेनऊला आतेभावाचा फोन. "दादा, उद्या दोनशेचं चलान काढून ठेवशील का? घर हिच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकतो."

मी म्हटलं, काऊन बे? तर म्हणे व्हॉट्सॲपवर आलं आहे.

ते फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आलं असेल. ‘गृहकर्ज थकलं? घाबरू नका! बँक तुमचं घर घेऊच शकत नाही!!’ असा मथळा, खाली नऊ मुद्दे आणि शेवटी ‘कर्जमुक्ती सल्ल्यासाठी’ एक मोबाइल नंबर. मी वकील नाही. दस्त लिहिणं, सर्च काढणं म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासणं, हे माझं काम, त्यात वीसेक वर्षं गेली. त्यामुळे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ‘वकिलाला विचारा’ म्हणून मोकळा झालो असतो. इथं माझ्या आत्याचा पोरगा होता, म्हणून स्कूटर काढली आणि रात्रीच नागपुरातल्या हुडकेश्वरला गेलो.

फ्लॅटच्या दारावर डिंकाचे चार चट्टे होते. तोरणाच्या खाली, बरोबर डोळ्यांसमोर. तिथं नोटीस चिकटवलेली होती. का, तर फॉरवर्डचा पहिलाच मुद्दा: ‘बँकेची नोटीस स्वीकारू नका. नोटीस मिळालीच नाही तर कारवाई होत नाही.’ पोस्टमन आला तेव्हा यानं पाकीट परत केलं. मग बँकेची माणसं येऊन दाराला चिकटवून गेली, समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी ती पूर्ण वाचली आणि मग याच्या लक्षात आलं. नियमांतच लिहिलेलं आहे की कर्जदार नोटीस टाळत असेल तर ती घराच्या बाहेरच्या दारावर लावायची आणि दोन पेपरांत छापायची, त्यातला एक स्थानिक भाषेतला. म्हणजे पाकीट परत करून मिळतं काय? जी गोष्ट घरात राहिली असती ती आख्ख्या लेआउटला कळते. आणि कर्ज भरायला मिळतात ते साठ दिवस मोजायचे नोटिशीच्या तारखेपासून. याचे ३१ तेवढ्यात गेलेले.

आता बक्षीसपत्र. या मुद्द्यावर माझं डोकं खरंच फिरलं, कारण हे माझ्या टेबलावरचं काम आहे. फॉरवर्ड म्हणतं, ‘फक्त २०० रुपयांत घर भावाच्या किंवा बायकोच्या नावे करा, मग बँक काहीच करू शकत नाही.’ आधी दोनशेचं बघू. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक दोनशे रुपये, हे खरं. भाऊ त्या यादीत नाही. म्हणजे लिहिणाऱ्यानं यादीही धड वाचलेली नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. मूळ खरेदीखत बँकेच्या कपाटात. गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल, कुणीही सर्च काढला तर दिसणार. घर ज्याला द्याल त्याला ते गहाणासकटच जातं, बोजा काही रस्त्यात गळून पडत नाही. दस्त कदाचित नोंदलाही जाईल, आणि लोक तिथंच फसतात. शिक्का बसला, पावती मिळाली, झालं काम!

सरफेसी कायद्याचं, म्हणजे २००२ च्या ज्या कायद्याखाली ही नोटीस येते त्याचं, कलम १३ काढा आणि पोटकलम १३ वाचा. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, कुणाच्या नावे करता येत नाही. मोडलं तर कलम २९ आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. फॉरवर्डमधला ‘भाडेकरू बसवून टाका’ हा मुद्दाही इथंच निकालात निघाला. तर आज जो माणूस फक्त थकबाकीदार आहे, त्याला हे फॉरवर्ड दोनशे रुपयांत गुन्हेगार करायला निघालंय.

आणि माझा शहाणा आतेभाऊ घर करणार कुणाच्या नावे? बायकोच्या. मी नोटीस उलटी करून त्याच्यासमोर धरली. कर्जदार क्रमांक दोन म्हणून तिचंच नाव. कर्ज घेताना दोघांचं उत्पन्न दाखवलं होतं, हे तो विसरला होता. ती विसरली नव्हती. चहा ठेवताना म्हणाली, "मी केव्हाची सांगतेय भाऊजी, पण मोबाइलमधलं खरं."

बाकीचे मुद्दे भराभर उडवतो.

‘दर महिन्याला हजार रुपये टाकत राहा, खातं एनपीए होत नाही.’ होतं. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं, आणि पुन्हा सुरळीत व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये हे परत स्पष्ट केलं.

‘दिवाणी कोर्टातून स्टे आणा.’ कलम ३४ नं ते दार बंद केलंय. सुप्रीम कोर्टानं २००४ साली बँकेच्या उघड फसवणुकीपुरती एक फट ठेवली, पण ‘मला हप्ता जमला नाही’ हे त्या फटीतून जात नाही. जायचं तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत. ते नागपुरातच आहे. बँकेनं ताब्याचं पाऊल उचललं की ४५ दिवसांच्या आत.

‘सातबारावर शेतजमीन असेल तर हा कायदा लागूच नाही.’ आपल्याकडे बेसा-पिपळ्याचे कितीतरी लेआउट शेतांवरच पडलेले, त्यामुळे हा मुद्दा लोकांना फार आवडतो. कायद्यात शेतजमिनीला सूट आहे, हे कबूल. पण गोव्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलनंही हेच सांगून पाहिलं होतं, की आमची काही जमीन महसुली नोंदीत शेतीची आहे. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ते फेटाळलं. तिथं हॉटेलची हिरवळ चालली नाही, तर आपल्या अंगणातला कढीपत्ता काय चालणार.

‘चावी देऊन टाका, कर्ज संपलं.’ नाही. लिलावातून कमी पैसे आले तर उरलेली रक्कम बँक तुमच्याकडूनच मागते. जास्त आले तर वरचे पैसे तुमचे, हे मात्र फॉरवर्डवाला सांगत नाही.

‘लिलावाच्या दिवशी पैसे भरले तरी घर परत मिळतं.’ हे पूर्वी खरं होतं, म्हणून जुनी माणसं अजून सांगतात. २०१६ च्या दुरुस्तीनं ते बदललं. आता लिलावाची जाहीर सूचना छापून येईपर्यंतच संपूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क आहे. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच ठणकावलं.

एक मुद्दा बरोबर निघाला, नाइलाजानं मान्य करतो. वसुली एजंटनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांपुढे अब्रू काढायची नाही. असं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा आणि दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पण त्यानं हप्ता माफ होत नाही.

खालच्या नंबरवर मी फोन लावला. पलीकडच्या माणसानं कर्ज किती, बँक कोणती, यातलं काही विचारलं नाही. आधी नोंदणी फी, मग ‘कर्जमाफीचं सर्टिफिकेट’. असली सर्टिफिकेटं देणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर सांगितलंय. फोन ठेवला.

मग त्या रात्री केलं काय? कलम १३ मध्येच एक पोटकलम आहे, ३ए. नोटिशीवर तुम्हाला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. फॉरवर्डच्या नऊ मुद्द्यांत हे नाही! पासबुक आणि नोटीस शेजारी ठेवून आम्ही बसलो. जानेवारीत दुकानाच्या खात्यातून भरलेला एक हप्ता नोटिशीतल्या हिशेबात धरलेलाच नव्हता. एका हप्त्यानं घर वाचत नाही, पण बोलणं सुरू होतं. पत्रात तो हप्ता लिहिला, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती लिहिली, आणि तिसरं म्हणजे स्वतः गिऱ्हाईक शोधून विकायला लेखी संमती मागितली.

तिसऱ्यावर माझा भर जास्त. लिलावात भाव पडतो, स्वतः विकलं तर बाजारभावाच्या जवळ मिळतो. बँकेकडून एकूण येणं किती याचं पत्र घ्यायचं. त्याला बँकेत फोरक्लोजर लेटर म्हणतात. नाव ऐकून पोटात गोळा येतो, पण अर्थ इतकाच की कर्ज एकदम फेडायला किती लागतील. तेवढ्याचा डीडी गिऱ्हाइकानं थेट बँकेच्या नावे द्यायचा, उरलेले आपल्याला. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही. आणि कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले नाहीत तर बँकेला दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यावी लागते.

एकरकमी तडजोडीचंही, म्हणजे थोडे कमी पैसे एकदम भरून खातं मिटवण्याचंही, तो विचारत होता. ते होतं, पण सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ शेरा लागतो आणि पुढची कित्येक वर्षं कुणी दारात उभं करत नाही. हातात विकायला फ्लॅट असताना एवढ्यात नको, म्हटलं.

बुधवारी सकाळी शाखेत पत्र द्यायला मीच सोबत गेलो. टेबलावरचा मुलगा पत्र ठेवून घ्यायला तयार, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारायला नाही. अर्धा तास उभे राहिलो तेव्हा तारखेसकट शिक्का मिळाला. ती प्रत आता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कॅलेंडरमागे आहे आणि कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला लाल गोल.

रविवारी मेडिकल चौकातले एक जण फ्लॅट बघायला येणार आहेत. दारावरचा डिंक अजून निघालेला नाही. त्याची बायको खोबरेल तेल लावून बघतेय.