सुपर मीटिओरचे मागचे शॉक : तुमच्या तीन आक्षेपांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिओर ६५० या मोटरसायकलला मागे नवे, कंपनीच्या शॉकपेक्षा १३ मिमी जास्त लांब शॉक बसवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, मागची बाजू उचलली की गाडीचं हँडलिंग बिघडतं, त्यामुळे हा सल्ला धोक्याचा आहे. दुसरा, हवी ती उंची कंपनीच्याच शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) शेवटच्या खाचेवर नेला तर फुकट मिळते. आणि तिसरा, आराम हवा असेल तर सीट बदला, शॉकवर पैसे घालू नका.

पहिले दोन एकत्र घेतो, कारण ते एकमेकांना छेद देतात. १३ मिमी जास्त लांब शॉकने चाकापाशी मागचा भाग सुमारे १५ मिमी वर जातो. तो वर गेला की गाडी जितक्या अंशाने पुढे झुकते, तेवढ्याच अंशाने पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) उभा होतो. तो लांब शॉकमुळे वर गेला की प्रीलोडमुळे, याने फोर्कला काही फरक पडत नाही. या गाडीचा व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) १५०० मिमी आहे. १५ भागिले १५०० म्हणजे शंभरात एक, म्हणजे सुमारे अर्धा अंश. ट्रेल, म्हणजे हँडलच्या फिरण्याची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून पुढचं चाक किती मागे टेकतं ते अंतर, साधारण ४ मिमीने कमी होतो. इतक्या लांब आणि २४१ किलोच्या गाडीला एवढा फरक सहज पेलतो. वळणात ती थोडी चटकन आत येते, इतकंच. मात्र २५-३० मिमी उचलायला निघालात तर तुमची भीती खरी आहे. तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. शॉकच्या खालच्या टोकाला बोल्टने जोडायचे ते लोखंडी एक्सटेंडर तर कोणीही लावू नयेत. आराम त्यांनी तसूभर वाढत नाही, आणि शॉकच्या डोळ्यावर (टोकाला बोल्ट जातो त्या कडीवर) आडवा ताण येतो.

आता प्रीलोडचं. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि व्यास यांवर ठरतो. प्रीलोडने फक्त गाडी किती उंचीवर उभी राहते ते बदलतं. आणि तेही शॉक पूर्ण उघडण्याच्या लांबीपर्यंतच, त्यापलीकडे प्रीलोड काहीच देऊ शकत नाही. एकटा माणूस शेवटच्या खाचेवर गाडी चालवतो तेव्हा शॉक जवळजवळ पूर्ण उघडलेला राहतो. मग चाक खड्ड्यात उतरायला हवं, तेव्हा खाली जायला जागाच उरत नाही. चाक हवेत राहतं, नंतर धाडकन आपटतं, आणि शॉक वरच्या टोकाला लागल्याचा ‘टक’ आवाज सीटखालून येतो. पुष्कळ जण ‘शॉक कडक आहे’ म्हणतात ते याच आवाजाला.

म्हणूनच लेखात सॅग आधी मोजायला सांगितलं होतं, शॉक नंतर. तो भाग तुम्ही वगळलात असं वाटतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. सॅग म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते. मागच्या आसापासून सरळ वर मडगार्डच्या बुडावर चिकटपट्टीची खूण करा. मागचं चाक जमिनीवरून पूर्ण उचलून आसापासून खुणेपर्यंत मोजा. समजा ५२० मिमी भरलं. मग गाडी चाकांवर सरळ उभी करून मोजा : ५१०. मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून बसा, पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून गाडी धरायची, दुसऱ्याने मोजायचं : ४८६. प्रत्येक वेळी सीट एकदा दाबून हळूच सोडा आणि एकदा उचलून हळूच सोडा, दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. बुश आणि सीलच्या घर्षणाने ३-४ मिमीचा फरक सहज पडतो.

या उदाहरणात रिकाम्या गाडीचा सॅग १० आणि स्वारासह ३४. मागच्या चाकाचा एकूण ट्रॅव्हल (वर-खाली हलण्याचा पल्ला) १०१ मिमी आहे, म्हणजे अनुक्रमे दहा आणि चौतीस टक्के. हे चांगलं माप आहे. स्वारासह आकडा बरोबर येतोय, पण रिकामी गाडी २-३ मिमीच बसतेय, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि प्रीलोड कोंबून तुम्ही ती उचलून धरली आहे. उलट, रिकामी गाडीच २० मिमी बसते आणि स्वारासह ३४, तर स्प्रिंग कडक आहे. दुसऱ्या प्रकारात प्रीलोड कितीही फिरवा, काँक्रीटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर कंबरेला ठोका बसणारच. तिथे स्प्रिंगच बदलावी लागते.

जोडीने आणि सामानासह फिरणाऱ्यांना उंचीचा खरा प्रश्न इथेच पडतो. समजा दोन्ही स्प्रिंगा मिळून ४० न्यूटन प्रति मिमी आहेत. शॉकचं खालचं टोक आसाच्या जरा पुढे असतं आणि शॉक तिरका असतो, म्हणून चाक १० मिमी हललं तर शॉक समजा साडेआठ मिमी हलतो. अशा वेळी चाकापाशी मिळणारा कडकपणा सुमारे २९ राहतो. मागे ६० किलोचा माणूस बसला आणि त्यातले ५४ किलो मागच्या चाकावर आले, तर गाडी १८ मिमी खाली जाते. लांब शॉकने जे १५ मिमी मिळवायचे, त्याहून जास्त एका माणसाने खाल्ले. ते परत मिळवायला कॉलर (प्रीलोडसाठी स्प्रिंग दाबणारी कडी) फिरवून सुमारे १५ मिमी सरकवावी लागते. खाचांच्या कॉलरमध्ये एवढा पल्ला सहसा नसतो. आट्यांची कॉलर असलेल्या शॉकमध्ये तो मिळू शकतो, मात्र किती ते खरेदीआधी विचारा.

एका बाबतीत लेखात मी पुरेसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, ते इथे लिहितो. गाडीचा मागचा भाग १५ मिमी वर म्हणजे गाडीचं पोट १५ मिमी वर नव्हे. पोट दोन चाकांच्या मध्ये आहे, तिथे निम्माच फायदा मिळतो. १३५ मिमी ग्राउंड क्लिअरन्सचे १४२ होतात. उंच गतिरोधकावर पोट घासायचं थांबेल या आशेने कोणी फक्त लांब शॉक घेत असेल, तर त्याची निराशा होईल. योग्य स्प्रिंगने जोडीच्या वजनाखालची बसक कमी होते, दणक्यात गाडी तळाला जात नाही, तेव्हा पोट खरं वाचतं.

सीटबद्दल तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. उंच माणसाचे गुडघे दुमडतात, तो प्रश्न शॉकने सुटत नाही, कारण सीटबरोबर फूटरेस्टही वर जातात. त्याला फोमच वाढवावा लागतो. पण पाठीच्या मणक्याला बसणारा ठोका फोमने मुरत नाही. शॉक तळाला आपटला की फोमही दबून संपलेला असतो.

डॅम्पिंगचं, म्हणजे स्प्रिंगचं हेलकावणं आवरणाऱ्या शॉकमधल्या अडथळ्याचं, थोडक्यात. घाटाआधीच्या रंबलर पट्ट्यांवर गाडी पहिल्या पट्टीला ठीक वाटते आणि पाचव्या-सहाव्या पट्टीला कडक वाटायला लागते का, ते बघा. तसं होत असेल तर रिबाउंड (दबलेल्या शॉकचं परत उघडणं) फार संथ आहे : शॉक परत उघडायच्या आत पुढची पट्टी येते आणि तो खाली खाली साठत जातो. रिबाउंड एकेक क्लिक सोडत जा. उलट गतिरोधकानंतर मागचा भाग दोन-तीनदा हेलकावत असेल तर क्लिक वाढवा. डाव्या-उजव्या शॉकचे क्लिक आणि कॉलरखालचे आटे सारखेच हवेत, व्हर्निअरने मोजून घ्या.

बसवताना फ्रेमला जॅकचा भक्कम आधार द्या आणि मागच्या चाकाखाली टेकू ठेवा, म्हणजे चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दुहाती भाग) जागेवर राहतो. नव्या शॉकच्या डोळ्यातली बाही (धातूची छोटी नळी) आणि गाडीवरचा बोल्ट यांचा व्यास जुळतोय ना, ते आधी पाहा. अर्ध्या मिमीचाही खेळ असेल तर महिनाभरात खडखड सुरू होते. पत्र्याची पट्टी गुंडाळून ती थांबत नाही, बाही खरादावर करून घ्या. रबरी बुश असतील तर बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळा. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉक पूर्ण दबल्यावर त्याची लांबी कंपनीच्या शॉकपेक्षा कमी होता कामा नये, नाहीतर टायर मडगार्डला लागेल. शॉक पूर्ण उघडल्यावर ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे हाताने तपासा.

चेनकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. मागचा भाग वर गेल्यावर उभ्या गाडीत चेन जास्त ढिली दिसते. पुस्तकातल्या आकड्याला ती आवळली, तर जोडीने खड्ड्यात गेल्यावर ती तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. म्हणून शॉक सुटे असतानाच, फ्रेमला जॅकचा भक्कम आधार देऊन, चाक त्या एका रेषेत उचला. तिथेही चेनमध्ये थोडा खेळ राहील इतकी ती आवळा. मग शॉक लावून गाडी साइड स्टँडवर घ्या आणि किती ढील दिसते ते लिहून ठेवा. तुमच्या गाडीचा यापुढचा आकडा तोच.

साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते लेखात यायला हवं होतं. स्टँडच्या पायाखाली ७-८ मिमीची पट्टी लावून घ्यावी. डबल स्टँड बसवला असेल तर मागचं चाक पूर्वीइतकं उचललं जाणार नाही, पंक्चरच्या वेळी खाली फळी लागेल. हेडलाइटही खाली झुकतो, १० मीटरवर साधारण १० सेंटीमीटर. तो स्क्रूने परत वर घ्या.

मुद्दा अजून पटत नसेल, तर गाडीला काहीही न बदलता तुमचे तीन आकडे मोजा : चाक उचलून, गाडी रिकामी, आणि तुम्ही बसून. सोबत तुमचं सगळ्या कपड्यांसह वजन आणि प्रीलोडची खाच लिहून पाठवा. स्प्रिंग मऊ आहे की कडक, की कंपनीचीच तुम्हाला योग्य आहे, ते त्यावरून सांगतो.